पाचवी पायरी

समजा, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) माजरी क्षेत्रात डंपर चालवणारा एक तरुण भद्रावतीत राहतो आणि 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा खेळ खेळतो. पाळी बदलत राहते. रात्रपाळीला निघण्याआधी तो संगणक उघडतो, खेळातल्या आपल्या वैमानिकाला युद्धनौका चालवण्याचं कौशल्य शिकायला बसवतो, संगणक बंद करतो आणि डबा घेऊन निघतो. इकडे हा कोळसा वाहतोय, तिकडे वैमानिक शिकतोय. इंटरनेट तुटलं तरी तो शिकतो. वीज गेली तरी शिकतो (२,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र उशाशी असून वीज जाते, यातला विनोद चंद्रपूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही). मालक चार दिवस लग्नाला गडचिरोलीला गेला तरी वैमानिकाच्या शिक्षणात खंड पडत नाही.

हे शिक्षण होतं तरी कसं, हा या प्रकरणाचा विषय. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात हजारो माणसं इंटरनेटवरून एकाच काल्पनिक जगात वावरतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्या पात्राला काय काय येतं याचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर आकड्यांत ठेवलेला असतो. पात्राला तलवार ८० गुणांची येते म्हणजे खेळणाऱ्याला तलवार येते असं नाही. खेळणाऱ्याला कदाचित भाजी चिरायचीही सुरी धड धरता येत नसेल. पात्राचं कौशल्य आणि माणसाचं कौशल्य यांच्यातली ही फट पुढे सारखी भेटणार आहे.

'ईव्ह' हा खेळ आइसलँडमधल्या सीसीपी कंपनीने ६ मे २००३ रोजी सुरू केला. त्यातल्या प्रत्येक कौशल्याला पाच पायऱ्या असतात. सर्वांत सोप्या कौशल्याची पहिली पायरी २५० गुणांची. दुसरीपर्यंत पोचायला एकूण १,४१५ गुण लागतात, तिसरीला ८,०००, चौथीला ४५,२५५ आणि पाचवीला २,५६,०००. दर पायरीला एकूण गुण साधारण ५.६६ पट होतात. गुण मिळतात मिनिटामागे, आणि किती मिळतात ते पात्राच्या बुद्धी, स्मृती, आकलन, इच्छाशक्ती आणि आकर्षकता या पाच अंगभूत गुणांपैकी दोहोंवर ठरतं: मुख्य गुणाचा पूर्ण आकडा अधिक दुय्यम गुणाचा निम्मा. नव्या पात्राचे हे आकडे बहुतेक २० असतात, म्हणजे मिनिटाला २० अधिक १०, असे ३० गुण.

आता गणित करून पाहा. पहिली पायरी सव्वाआठ मिनिटांत होते; चहा उकळेपर्यंत. दुसरीला आणखी ३९ मिनिटं, तिसरीला ३ तास ४० मिनिटं, चौथीला पावणेएकवीस तास. आणि पाचवीला ४ दिवस २१ तास. ही झाली सोप्या कौशल्याची गोष्ट. अवघड कौशल्यांना गुणक लावलेला असतो. युद्धनौकेचा गुणक ८, म्हणजे आपल्या डंपरवाल्याच्या वैमानिकाला पाचही पायऱ्या चढायला ४७ दिवस लागतील. त्यातले पहिल्या चार पायऱ्यांचे मिळून साडेआठ दिवसही नाहीत. ३९ दिवस एकट्या पाचवीचे. हा वेग महिन्याचे पैसे भरणाऱ्यांसाठी; फुकट खेळणाऱ्याचा वैमानिक निम्म्या वेगाने शिकतो.

गंमत अशी की फायदा मात्र प्रत्येक पायरीला सारखाच वाढतो. पुष्कळ कौशल्यांत पायरीमागे ५ टक्के, बस. चार पायऱ्यांचे २० टक्के आठवडाभरात हाती येतात आणि उरलेल्या ५ टक्क्यांसाठी महिना-सव्वा महिना घालवावा लागतो. मग पाचवी पायरी चढतं कोण? ज्याला लढाईत समोरच्यापेक्षा ते ५ टक्के जास्त हवेत तो, आणि ज्याला पुढचं जहाज त्या पाचव्या पायरीशिवाय मिळतच नाही तो. बाकीचे चौथीवर थांबतात आणि दुसरं काही शिकायला घेतात. खेळ बनवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं: नवा माणूस आठवडाभरात जुन्याच्या जवळ पोचावा, पण त्याची बरोबरी मात्र सहजासहजी होऊ नये.

कौशल्य आकड्यात मोजायची कल्पना संगणकापेक्षा कागदाची. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागदावर खेळायचा खेळ छापला, तेव्हा राक्षस मारल्याचे आणि खजिना मिळवल्याचे 'अनुभवगुण' मिळायचे. ते साठले की पात्र एकदम वरच्या पातळीवर जायचं. त्यात एक अडचण होती. राक्षस मारून जमवलेल्या गुणांनी पात्राचं कुलूप उघडण्याचं कसबही सुधारायचं! १९७८ च्या 'रूनक्वेस्ट' या खेळाने हे बदललं. तिथे जे कौशल्य वापराल तेच वाढतं. कौशल्य टक्क्यांत असायचं. ते यशस्वीपणे वापरलं की कागदावर त्याच्यापुढे खूण करायची आणि साहस संपल्यावर शंभराचे फासे टाकायचे. आकडा तुमच्या टक्क्यांपेक्षा वर पडला तरच वाढ. ज्याला २० टक्के येतं त्याला सुधारण्याची संधी ८० टक्के, आणि ज्याला ९० टक्के येतं त्याला जेमतेम १०. जितकं कमी येतं तितकं लवकर शिकाल, हा व्यवहार त्यांनी एका फाशात बसवला. मला हा सगळ्या खेळांच्या नियमांतला सर्वांत देखणा नियम वाटतो.

तोच विचार सप्टेंबर १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन'ने इंटरनेटवर नेला. पातळ्या नाहीत, चाळीसहून अधिक कौशल्यं, प्रत्येक शून्यापासून शंभरापर्यंत, आणि वाढ होते ती ०.१ च्या टप्प्याने. लोहार व्हायचं तर लोखंड ठोका. स्वयंपाकी व्हायचं तर रांधा. लपण्यात पटाईत व्हायचं तर लपा. शिवाय सगळ्या कौशल्यांची बेरीज ७०० च्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे सात गोष्टींत उस्ताद होता यायचं, आठवीसाठी आधीचं काहीतरी सोडावं लागायचं. प्रत्येक कौशल्यापुढे एक बाण असायचा: वर, खाली किंवा कुलूप. खाली बाण केलेलं कौशल्य नव्यासाठी जागा रिकामी करत विसरलं जायचं. काय विसरायचं ते आपण ठरवायचं, ही सोय खऱ्या आयुष्यात कुणाला मिळालेली नाही.

पण वापरलं की वाढतं हा नियम लोकांच्या हातात पडला आणि त्याचं वेगळंच झालं. खेळणाऱ्यांनी ताडलं की सर्व्हरला कारण कळत नाही, त्याला फक्त कृती दिसते. मग मित्राशीच लुटुपुटीची लढाई तासन्‌तास चालू ठेवायची. एकच बटण पुन्हा पुन्हा दाबणारा छोटा प्रोग्रॅम लावून झोपायला जायचं. सकाळी उठून पाहावं तर पात्र रात्रभर भिंतीआड लपत-प्रकटत लपण्यात उस्ताद झालेलं! कंपनीने हे प्रोग्रॅम ओळखायचे उपाय केले, लोकांनी त्यावर उपाय शोधले. या चढाओढीत एक गोष्ट ठळक झाली. पुनरावृत्ती हीच जर फी असेल, तर यंत्र ती माणसापेक्षा स्वस्तात भरतं. २००२ मध्ये 'प्रोग्रेस क्वेस्ट' नावाचा एक चेष्टेचा खेळ आला. तो सुरू केला की आपणहून खेळतो; माणसाने नुसतं पात्राचे आकडे वाढताना बघायचे. चेष्टा म्हणून केलेला हा खेळ कितीतरी जणांनी आवडीने चालू ठेवला.

'रूनस्केप' मात्र पुनरावृत्तीला अजिबात लाजला नाही. केंब्रिजच्या गावर बंधूंनी २००१ मध्ये सुरू केलेल्या या खेळात मासेमारी, खाणकाम, रांधणं, लाकूडतोड अशी कौशल्यं आहेत आणि मुळात प्रत्येकाच्या ९९ पातळ्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला यातली लाकूडतोड ओळखीची वाटेल, कारण त्यात साग आहे. ३५ व्या पातळीला पोचल्याशिवाय सागावर कुऱ्हाड चालत नाही, आणि सागाच्या एका ओंडक्याला ८५ गुण मिळतात. ९९ व्या पातळीला लागतात १,३०,३४,४३१ गुण. म्हणजे नुसता साग तोडून शिखर गाठायचं तर दीड लाखाहून जास्त ओंडके. आलापल्लीच्या जंगलात एक साग पुरता वाढायला माणसाचं आयुष्य जातं. खेळातलं खोड काही सेकंदांत पुन्हा उभं राहतं, हे बरंच म्हणायचं.

'रूनस्केप'च्या आकड्यांत एक खोच आहे. दर सात पातळ्यांना लागणारे गुण जवळपास दुप्पट होतात. त्यामुळे ९२ व्या पातळीवर पोचलेला माणूस पोचला असं समजतो, आणि प्रत्यक्षात तो अर्ध्यावरच असतो. ९२ पातळ्यांना जेवढं तोडलं, तेवढंच उरलेल्या सातांसाठी तोडायचं आहे. खेळणाऱ्यांमध्ये हा विनोदही आहे आणि दुःखही.

याच सागाच्या झाडाखाली माणसाचं स्वतःचं कौशल्य अचानक वर येतं. 'रूनस्केप'चा सर्व्हर ०.६ सेकंदांच्या ठोक्याने चालतो. २००७ च्या रूपातला खेळ 'ओल्ड स्कूल' नावाने २०१३ मध्ये परत आला. त्यात झाड तोडताना साधारणपणे दर चार ठोक्यांना, म्हणजे २.४ सेकंदांनी, सर्व्हर एक फासा टाकतो आणि ओंडका मिळाला की नाही ते ठरवतो. काही खेळाडूंच्या लक्षात आलं की मध्येच दुसरी एखादी बारीकशी कृती केली तर ठोक्यांची मोजणी नव्याने सुरू होते आणि फासा लवकर पडतो. मग दोन ठोक्यांत साग तोडायची पद्धत निघाली. ती साधायला पडद्यावर ठरावीक क्रमाने, ठरावीक लयीत क्लिक करत राहावं लागतं. एक क्लिक चुकली की लय मोडली. ही लय पात्राच्या खात्यात कुठेच नोंदलेली नसते. ती खेळणाऱ्याच्या बोटांत असते, सरावाने येते, आणि महिनाभर खेळ बंद ठेवला तर जाते. आकडे वाढवायला बसलेल्या माणसाने नकळत एक खरंखुरं कसब मिळवलं. त्याचा उपयोग खेळाबाहेर शून्य, हे मान्यच.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्याने कारागिरीच्या कौशल्यांना रंग दिले. लोहाराला येणाऱ्या वस्तूंची यादी उघडली की काही नावं नारिंगी, काही पिवळी, काही हिरवी, काही करडी. नारिंगी वस्तू केली की गुण नक्की वाढतो. पिवळी केली तर बहुधा, हिरवी केली तर क्वचित, करडी केली तर कधीच नाही. कौशल्य वाढत जातं तसे रंग आपोआप उतरत जातात. काल नारिंगी असलेली तलवार आज करडी. कितीही कराल, काही शिकणार नाही. सुरुवातीच्या खेळात ७५, १५०, २२५ आणि ३०० असे टप्पेही होते आणि पुढच्या टप्प्याला जायचं तर गावोगावी विखुरलेल्या उस्तादाकडे जाऊन पैसे मोजून शिकावं लागायचं. गुरू शोधत हिंडायला लावणारा हा नियम मला पटतो. पुढे खेळ सोपा करण्याच्या नादात अशा बऱ्याच खेपा कमी झाल्या.

विश्रांतीची 'वॉरक्राफ्ट'ची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. चाचणीच्या काळात नियम असा होता की फार वेळ सलग खेळलात तर मिळणारे गुण निम्मे होतील. हेतू चांगला, पण लोक संतापले. शिक्षा वाटली त्यांना. मग बनवणाऱ्यांनी तेच उलटं मांडलं: विश्रांती घेऊन आलात तर काही काळ दुप्पट गुण मिळतील, एरवी नेहमीचे. पात्राला खेळातल्या सरायमध्ये झोपवून गेलं तर ही शिल्लक लवकर साठते. व्यवहार जवळपास तोच राहिला, फक्त 'निम्मे' जाऊन 'दुप्पट' आलं आणि तक्रारी थांबल्या.

आता खरं कौशल्य कसं येतं ते पाहायला भद्रावतीकडे. ज्या गावाच्या रेल्वे स्टेशनावर आजही 'भांदक' लिहिलेलं आहे, त्या गावात ग्रामोदय संघ आहे. गांधीविचारांच्या कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात तो सुरू केला, आणि मातीकाम शिकवणारी संस्था म्हणून त्याचं नाव भद्रावतीबाहेर दूरवर गेलं. चाकावर बसणाऱ्या नव्या माणसाची पहिली लढाई असते माती मध्यावर आणण्याची. गोळा चाकावर आपटला, चाक फिरलं, की गोळा डगमगत हाताला धक्के देतो. तो स्थिर होईपर्यंत पुढचं काहीच करता येत नाही. कुणाला दोन दिवसांत जमतं, कुणाला महिना लागतो, आणि एक दिवस जमतं म्हणजे दुसऱ्या दिवशी जमेलच असं नसतं. त्यानंतर भोक पाडणं, भिंत वर ओढणं, तळ जाड न ठेवणं, मग भट्टीचा ताव ओळखणं.

या शिकण्याचा आलेख काढला तर तो खेळांच्या आलेखाशी आश्चर्यकारक जुळतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ क्रॉसमन यांनी १९५९ मध्ये सिगार बनवणाऱ्या कामगारांचा वेग अभ्यासला. लाखो सिगार झाल्यानंतरही वेग वाढत होता, फक्त वाढ बारीक बारीक होत गेली होती. विडीपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही, पण आकडे मांडायला लागतो. १९८१ मध्ये ॲलन न्यूवेल आणि पॉल रोझेनब्लूम यांनी अशा कितीतरी कामांची आकडेवारी एकत्र केली आणि दाखवलं की सगळीकडे नियम एकच दिसतो: लागणारा वेळ ठरावीक प्रमाणात कमी करायचा तर सराव दर वेळी ठरावीक पटीने वाढवावा लागतो. पायरी सारखीच उंच, पण तिच्यासाठीचा सराव मागच्या पायरीच्या कित्येक पट. 'ईव्ह'चे ५.६६ पट आणि 'रूनस्केप'चं सात पातळ्यांना दुप्पट होणं हे याच नियमाचे चुलतभाऊ. खेळ बनवणाऱ्यांनी हा शोधनिबंध वाचून आकडे ठरवले असं नाही. पण ही चढण त्यांना बरोबर वाटली आणि खेळणाऱ्यांनाही खरी वाटली, याचं कारण बहुधा आपण सगळे असेच शिकत आलो आहोत.

आलेख जुळतो, बाकी फार कमी जुळतं. चाकावर बसलेल्या माणसाला चूक शिकवते. भिंत कोसळते तेव्हा ती कुठे पातळ झाली होती हे बोटांना कळतं. 'ईव्ह'च्या वैमानिकाकडून चूक होतच नाही. त्याचं शिक्षण म्हणजे वेळ मोजणं. खेळ कौशल्य शिकवत नाही, कौशल्याची किंमत ठरवतो, आणि ती कशात घ्यायची हा त्याचा खरा निर्णय असतो. 'रूनस्केप' ती क्लिकांत घेतो, 'ईव्ह' दिनदर्शिकेत. यातलं मला 'ईव्ह'चं धोरण जास्त न्याय्य वाटतं. आयुध निर्माणीत आठ तास उभ्याने काम करून आलेला माणूस आणि दिवसभर रिकामा असलेला कॉलेजकुमार, दोघांचे वैमानिक मिनिटाला तेवढेच गुण मिळवतात. दीड लाख ओंडक्यांची शर्यत पहिल्याला कधीच परवडणार नाही.

मात्र दिनदर्शिकेची फी घेणाऱ्यांनीही बराच काळ माणसाला छळलं. २००९ पर्यंत 'ईव्ह'मध्ये एका वेळी एकच कौशल्य लावता यायचं. ते पहाटे तीनला संपणार असेल तर पहाटे तीनला उठून पुढचं लावा, नाहीतर तेवढे तास वाया. रोजची देखभाल सर्व्हरच्या ११ वाजता, म्हणजे भारतात दुपारी साडेचारला. कौशल्य नेमकं त्या वेळात संपलं तर हात चोळत बसायचं. जगभरचे लोक गजर लावून उठत. मार्च २००९ मध्ये रांग आली: पुढच्या २४ तासांत सुरू होणारी कौशल्यं एकामागे एक लावून ठेवायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये ती मर्यादाही गेली.

दुसरा प्रकार याहून मासलेवाईक. खेळात 'शिकण्याची कौशल्यं' नावाचा गट होता. ती शिकली की पात्राचे अंगभूत गुण वाढायचे आणि बाकी सगळं भराभर शिकता यायचं. हिशेबी माणसाने म्हणून सुरुवातीचे कित्येक आठवडे हीच शिकावीत, दुसरं काहीच नाही, असा सल्ला जुने लोक नव्यांना देत. नव्या माणसाला अंतराळात उडायचं होतं आणि त्याला सांगितलं जायचं, आधी शिकायला शीक, जहाज नंतर. कित्येक जण त्या आठवड्यांतच खेळ सोडून गेले असतील तर नवल नाही. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने हा गट काढून टाकला आणि त्यात घातलेले गुण लोकांना परत केले.

विसरण्याचा नियमही 'ईव्ह'मध्ये होता. तिथला वैमानिक मेला की त्याची स्मृती एका राखीव शरीरात जाते. ते शरीर किती गुण सांभाळू शकतं याची प्रत असायची आणि वरची प्रत महाग. ती वेळेवर विकत घ्यायला विसरलात आणि मेलात, तर कौशल्याचे काही गुण कायमचे गेले. महिनाभर मुरवलेली पाचवी पायरी एका क्षणात खाली येऊ शकायची. डिसेंबर २०१४ मध्ये हा नियम रद्द झाला आणि बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, विसरणं परत आलं, या वेळी व्यापार म्हणून. कंपनीने गुण काढून घेण्याची एक वस्तू दुकानात ठेवली. तिने आपल्या पात्रातून ५ लाख गुण उपसायचे आणि भरलेली सुई खेळातल्या बाजारात विकायची. अट एवढीच की पात्रात ५० लाख गुण शिल्लक राहिले पाहिजेत. म्हणजे आता ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने दिनदर्शिकेची वाट बघायची गरज उरली नाही, आणि मघाशी ज्या न्यायाचं मी कौतुक केलं त्याला मोठं भोक पडलं. कंपनीने ते भोक थोडं बुजवायचा प्रयत्न केला आहे. ५० लाखांहून कमी गुण असलेल्याने सुई टोचली तर पूर्ण ५ लाख मिळतात. ५ कोटींपर्यंत ४ लाख, ८ कोटींपर्यंत ३ लाख. त्याहून जुन्या, मुरलेल्या वैमानिकाला फक्त दीड लाख. उरलेले साडेतीन लाख विकणाऱ्याकडे परत जात नाहीत आणि घेणाऱ्यालाही मिळत नाहीत. ते खेळातून नाहीसेच होतात.